शाळेपासूनचे उपक्रम रिझ्युमेत किती मागपर्यंत घ्यायचे? (एस.वाय.बी.एस्सी., रत्नागिरी जिल्हा)

खाडीपलीकडचा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय रसायनशास्त्र. मे महिन्याच्या सुट्टीसाठी दोन अर्ज करायचेत. एक लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये इंटर्न म्हणून. दुसरा गोव्याला, दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम मिळतंय का ते बघायला. कंपनीने रिझ्युमे एकाच पानाचा मागितलाय.

अडलंय ते अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांपाशी. पाचवीपासूनची प्रमाणपत्रं फायलीत आहेत. घरचे म्हणतात सगळी घाल, एवढी मेहनत काय फुकट केलीस? मॅडम म्हणतात शाळेतलं एकही नको. यादी अशी:

पाचवी (२०१७): शिष्यवृत्ती परीक्षा, जिल्हा गुणवत्ता यादीत
सहावी: डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक, लेखी फेरी पार, पुढे नाही
सातवी-आठवी: चित्रकलेच्या परीक्षा, एलिमेंटरी बी, इंटरमीजिएट ए
आठवी (२०१९): कबड्डी, १४ वर्षांखालील, तालुक्यात पहिले, जिल्ह्याला बाद
स्काउट: तृतीय सोपान
वक्तृत्व, निबंध: तालुक्यापर्यंतची ढीगभर
पखवाज: गांधर्व महाविद्यालयाची 'प्रवेशिका पूर्ण' परीक्षा (२०२३)
गावच्या नमन (कोकणातलं लोकनाट्य) मंडळात मृदंग, आठवीपासून आजपर्यंत
जुलै २०२१: चिपळूणच्या पुरानंतर साफसफाई, धान्यवाटप. प्रमाणपत्र नाही
अकरावी-बारावी: कॉलेजातलं काहीच नाही
एमएस-सीआयटी
एनएसएस: एफ.वाय.पासून. सात दिवसांच्या शिबिरात गावातल्या १८ विहिरींचं पाणी तपासलं (पीएच, टीडीएस म्हणजे विरघळलेले एकूण क्षार जागेवर, क्लोराइड कॉलेजच्या लॅबमध्ये)
वाडीच्या सार्वजनिक गणपतीचा जमाखर्च, गेली दोन वर्षं

यातलं काय ठेवू, काय उडवू? दहावी २०२२ आणि बारावी २०२४ची आहे, म्हणजे वर्षांचा अंदाज येईल.

लोटे_क्यूसी

मॅडमचं बारा आणे बरोबर, घरच्यांचं चार आणे.

आधी पानाचा हिशेब करा. ए-फोरचं एक पान, अकराचा फॉन्ट. वर नाव, फोन, ईमेल, गाव-तालुका. मग शिक्षण, तीन ओळी. मग लॅबमध्ये हाताने काय येतं ते: टायट्रेशन, पीएच मीटर, कलरिमीटर, मेल्टिंग पॉइंट, द्रावणं बनवणं. मग कॉलेजचा प्रोजेक्ट. हे सगळं नीट मांडलं की उपक्रमांना जेमतेम सहा-सात ओळी उरतात. वडिलांचं पूर्ण नाव, धर्म, रक्तगट, वैवाहिक स्थिती आणि शेवटची 'वरील माहिती सत्य आहे'ची ओळ ही जुन्या बायोडेटाची सवय. ती काढली की आणखी चार ओळी मोकळ्या होतात. फोटो मागितला तरच लावा.

आता यादी. तुमच्याकडची सर्वांत वजनदार गोष्ट तुम्ही खालून दुसरी टाकली आहे. १८ विहिरींचं पाणी! क्यूसीवाला माणूस ते वाचून थांबेल. पण 'एनएसएस शिबिरात सक्रिय सहभाग' असं लिहिलंत तर तो थांबणार नाही, कारण ते वाक्य प्रत्येक रिझ्युमेत असतं. असं लिहा:

'एनएसएस निवासी शिबिर (७ दिवस): गावातील १८ विहिरींचे नमुने घेतले, पीएच व टीडीएस जागेवर मोजले, क्लोराइड मोहर पद्धतीने काढले, निकालांचा तक्ता ग्रामपंचायतीला दिला.'

शेवटचा तुकडा खरा असेल तरच. तक्ता दिला नसेल तर गाळा. आणि ही ओळ घातलीत की मुलाखत तिच्यावरच होणार हे धरून चाला. प्रश्न साधारण असे येतात.

नमुना कसा घेतला? बाटली त्याच विहिरीच्या पाण्याने दोन-तीनदा विसळली का? पाणी वरवरचं घेतलं की पोहरा खाली सोडून? लेबलवर विहीर क्रमांक, तारीख, वेळ होती का?

पीएच मीटर कोणत्या बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणावर) लावला? आधी ७, मग ४ किंवा ९.२. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बऱ्याचदा आम्लाकडे झुकलेलं असतं, म्हणून इथे ७ आणि ४ ही जोडी बरी. हे कारणासकट सांगता आलं तर समोरचा सरळ होऊन बसतो.

टीडीएस मीटर काय मोजतो? टीडीएस मोजत नाही. वाहकता मोजतो आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो. इथे बहुतेक मुलं घसरतात.

मोहर पद्धतीत, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनमध्ये, इंडिकेटर कोणता? पोटॅशियम क्रोमेट, पिवळ्यावरून विटकरी रंग आला की थांबायचं. पाणी आम्ल असेल तर काय होतं? क्रोमेटचं डायक्रोमेट व्हायला लागतं, एंडपॉइंट उशिरा दिसतो आणि क्लोराइड आहे त्यापेक्षा जास्त निघतं. म्हणून आधी पीएच ७ ते १० मध्ये आणावा लागतो, त्यासाठी चिमूटभर सोडियम बायकार्बोनेट चालतं. ब्लँक (नमुन्याऐवजी शुद्ध पाण्याचं टायट्रेशन) काढला होता का, हेही विचारतील.

मर्यादा किती? आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोराइड २५० मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत. टीडीएस ५०० आणि २०००. पीएच ६.५ ते ८.५, त्यात सवलत नाही.

हे येत असेल तर बाकीची यादी अर्धी झाली तरी चालेल.

जमाखर्च ठेवा, दुसऱ्या क्रमांकावर. लॅबमध्ये अर्धं काम नोंदीचं असतं: खोडाखोड करायची नाही, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा, सही आणि तारीख. ज्याने पावतीपुस्तकं सांभाळलीत, वर्गणीचा मेळ घातलाय आणि वाडीच्या बैठकीत हिशेब वाचून दाखवलाय त्याला हे निराळं शिकवावं लागत नाही. किती घरं, किती पावतीपुस्तकं, हिशेब कागदावर की एक्सेलमध्ये, एवढं त्या ओळीत येऊ द्या. एकूण रक्कम नको, ती मंडळाची बाब आहे.

एमएस-सीआयटी हा उपक्रम नाही, ती 'कौशल्यं'त जाते. तिथेही नुसतं नाव लिहू नका. एक्सेलमध्ये सरासरी, प्रमाण विचलन, कॅलिब्रेशनचा आलेख काढता येतो का ते लिहा. येत नसेल तर दोन संध्याकाळी बसा, येईल.

शिष्यवृत्ती, होमी भाभा, एलिमेंटरी, स्काउट, वक्तृत्व: कंपनीच्या रिझ्युमेतून सगळं बाद. नमन आणि पखवाज खाली 'इतर'मध्ये एका ओळीत.

प्लेसमेंटवाले_सर

वरच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत. फक्त 'शाळेचं सगळं बाद' हे इतकं सरसकट नको, कारण नेमकं काय बघून बाद करायचं ते मुलांना कळत नाही. मग कोणी राष्ट्रपती पुरस्कारही उडवतो आणि कोणी सहावीतलं रंगभरण ठेवतो.

शाळेतली गोष्ट पदवीच्या दुसऱ्या वर्षी रिझ्युमेत टिकायची तर एकतर ती राज्य किंवा राष्ट्रीय स्तरावरची हवी, नाहीतर शाळेत सुरू होऊन आजही चालू असलेली हवी. या गाळणीतून तुमच्या यादीतलं एकच शालेय काम निघतं, ते म्हणजे मृदंग. आठवीपासून सलग.

एकेक बघू.

शिष्यवृत्तीत जिल्हा गुणवत्ता यादी ही मोठी गोष्ट होती, पण तिच्यापुढे आता दहावी आहे, बारावी आहे, एफ.वाय.चे निकाल आहेत. पाचवीची हुशारी बारावीच्या टक्क्यांनी झाकली जाते, किंवा बारावी कमी असेल तर उलट डोळ्यांवर येते. दोन्हीकडून फायदा नाही. अपवाद एक: एखाद्या फॉर्ममध्ये 'यापूर्वी मिळालेल्या शिष्यवृत्त्या' असा रकाना असेल तर तिथे जरूर भरा, वर्षासह.

होमी भाभामध्ये लेखीनंतर प्रात्यक्षिक, मग मुलाखत आणि कृती-संशोधन प्रकल्प असतो. पदक असतं तर विज्ञान संस्थेसाठी ठेवायला सांगितलं असतं. लेखी पार एवढंच लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात 'पुढे काय झालं?' हाच प्रश्न येतो. स्वतःहून तो कशाला आणायचा?

इंटरमीजिएट ए चांगली श्रेणी आहे. पण तिचे वाढीव गुण दहावीच्या गुणपत्रिकेत जमा झाले, तिचं काम तिथे संपलं. आर्किटेक्चर, डिझाइन, ॲनिमेशनकडे जाणाऱ्याने ठेवावी.

स्काउटमध्ये तृतीय सोपानाला थांबलं असेल तर नको. राज्य पुरस्कार किंवा राष्ट्रपती पुरस्कार असता तर कितीही जुना असला तरी एक ओळ द्यावी.

वक्तृत्वाचा ढीग हा नेहमीचा सापळा. प्रमाणपत्रं जास्त म्हणून ओळी जास्त, असं होतं आणि पान भरतं. सध्या कॉलेजात बोलत असाल, युवा महोत्सवाला किंवा आविष्कार या संशोधन स्पर्धेला उभे राहिला असाल तर ते लिहा. नसेल तर वक्तृत्व तुमच्या बोलण्यातून दिसेल, ते लिहून काही होत नाही.

एनएसएसची तारीख जपून. वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास आणि एक विशेष शिबिर झाल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ते हातात यायला वेळ लागतो. तुम्ही एस.वाय.ला आहात म्हणजे '२०२४ पासून, चालू' असंच लिहा. 'एनएसएस प्रमाणपत्रधारक' लिहून ठेवलं आणि मूळ प्रत मागितली तर अडचण. तोवर कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या सहीचं तासांचं पत्र घेऊन ठेवा, ते कुठेही चालतं.

अकरावी-बारावी रिकामी आहे याची काळजी सोडा. सायन्सच्या मुलाला सीईटीच्या दोन वर्षांत काय केलंस असं कोणी विचारत नाही. त्याआधी २०२०-२१ला तर बहुतेक काळ राज्यभर शाळाच बंद होत्या, तेव्हाच्या स्पर्धा कुणाच्याच रिझ्युमेत नाहीत. ती जागा भरायला ऑनलाइन क्विझची ई-प्रमाणपत्रं चिकटवू नका. त्या काळात ती लिंकवर नाव टाकलं की मिळत होती, आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता पूर. प्रमाणपत्र नाही म्हणून उडवू नका, आणि रंगवूनही लिहू नका. २२ जुलै २०२१चा चिपळूणचा पूर इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. लोट्याला मुलाखत घेणाऱ्याच्याच घरात पाणी शिरलेलं असू शकतं. 'पूरग्रस्तांचे अश्रू पुसले' छापाचं वाक्य तिथे वाईट दिसेल. तारीख, जागा, काम: 'जुलै २०२१, चिपळूण: पुरानंतर घरांतील गाळ काढणे, शिधा वाटप, गावातील मंडळाबरोबर.' आणि त्या कामाचा कोणी जाणता माणूस, सरपंच, शिक्षक, मंडळाचा सचिव, ज्याला फोन केला तर तो 'हो, होता हा' म्हणेल, त्याला आधी विचारून ठेवा. पानावर जागा उरली तरच ही ओळ. नाही उरली तर मुलाखतीत विषय निघाल्यावर सांगा.

आणखी एक, जरा नाजूक. मंडळाचं किंवा वाडीचं नाव लिहिताना बघा. आपल्याकडे बऱ्याच वाड्यांच्या नावात ज्ञाती असते, काही मंडळांच्या नावात पुढाऱ्याचं नाव. रिझ्युमेत गावाचं नाव आणि 'सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ' एवढं पुरतं.

मैदानावरचे_गुरुजी

कबड्डीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

शालेय स्पर्धेचा जिना तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असा. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा विभाग कोल्हापूर, तिथे सांगली-साताऱ्याच्या पोरांशी गाठ पडते. जिल्हा जिंकल्याशिवाय विभाग दिसत नाही. तुम्ही तालुका जिंकून जिल्ह्याला गेलात, म्हणजे लिहायचंच झालं तर 'तालुका विजेता संघ, जिल्हा स्तरावर सहभाग' इतकंच खरं. 'जिल्हास्तरीय खेळाडू' लिहिणारे खूप आहेत. ऐकायला बरं वाटतं, पण प्रमाणपत्रावर 'सहभाग' छापलेलं असतं. जिल्ह्याच्या सहभागावर सरकारी नोकरीतलं खेळाडू आरक्षणही मिळत नाही, तेव्हा त्या आशेने जपून ठेवलं असेल तर तेही नाही.

आठवीनंतर मैदानात गेला नसाल तर ओळ काढा. कॉलेजच्या संघात असाल तर आठवीचं काढून कॉलेजचं लिहा आणि जागा लिहा: रेडर, कोपरा की कव्हर. मुलाखत घेणारा खेळणारा निघाला तर पहिला प्रश्न तोच असतो. आणि १४ वर्षांखालच्या गटाला वजनाची अट होती का, असलं काही विचारलं तर गोंधळू नका, माहीत नसेल तर नाही म्हणा.

झांजेचो_आवाज

मालवणीत लिवतंय, रत्नागिरीवाल्यांनी सांभाळून घ्या.

ता नमन 'इतर'मधी तळाक कित्याक ढकलतात रे? आमच्या दशावतारात पखवाजवालो रात्री बसता तो उजाडापर्यंत उठणा नाय. पेटीवालो नि झांजवालो तेच्यावर नजर ठेवन वाजयतत. तुमच्या नमनातय तसाच. गण, गवळण, वग, सगळ्यांची लय मृदंगावर. ह्या काम 'आवड: संगीत' म्हणान लिवलंस तर कोणय बघूचो नाय. असा लिव:

'गावच्या नमन मंडळात मृदंगवादक, २०१९ पासून सलग. पखवाज प्रवेशिका पूर्ण, २०२३. नवीन मुलांना ठेका शिकवतो.'

शिकवतस तरच हां. हंगामात प्रयोग किती ता खराखुरा घाल, अंदाजान नको. नि सुपारी घेवची, टेम्पो ठरवचो, लाईटवाल्याक पैसे देवचे, ह्यां कोण करता? तू करतस तर ताच मोठा काम, ता आधी लिव, मृदंग नंतर.

लोटे_क्यूसी

झांजेवाल्यांचा मुद्दा मान्य. सलग सहा-सात वर्षं एका गोष्टीला धरून राहिलेला उमेदवार शिफ्टलाही टिकतो, असं इकडे मानतात. 'इतर' काढा, तिसऱ्या क्रमांकावर स्वतंत्र ओळ द्या. नवरात्रात, शिमग्याला रजा लागणार हे मात्र मुलाखतीत विचारलं तर लपवू नका. कंपन्यांना कोकणातला शिमगा नवीन नाही, अर्धी शिफ्ट तेव्हा पालखीला असते.

समुद्र_आणि_मीठ

गोव्याच्या अर्जाबद्दल. तिथे हाच रिझ्युमे पाठवू नका. तिथे वाचणारा शास्त्रज्ञ असतो, आणि त्याला 'हा मुलगा नमुना घेऊन आकड्यापर्यंत धड पोचतो का' एवढंच बघायचं असतं. त्यामुळे विहिरींचं काम 'उपक्रम' या मथळ्याखालून काढून 'प्रकल्प'मध्ये न्या. एनएसएसचं नाव कंसात.

पण आत्ता त्या कामात एक मोठी उणीव आहे. शिबिरं साधारण डिसेंबर-जानेवारीत होतात, तेव्हा विहिरी भरलेल्या असतात. खाडीकाठच्या विहिरीत खारं पाणी शिरतं ते उन्हाळ्याच्या शेवटी, गोड्या पाण्याची पातळी उतरल्यावर. नुसते हिवाळ्यातले आकडे घेऊन खारेपणावर काहीच बोलता येत नाही. तेव्हा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्याच १८ विहिरींवर पुन्हा जा. सगळ्या जमल्या नाहीत तर खाडीच्या बाजूच्या पाच-सहा आणि वरच्या कातळावरच्या दोन तरी घ्या. प्रत्येक विहिरीचं खाडीपासून अंतर, पाण्याची पातळी काठापासून किती मीटर, त्या वेळी भरती होती की ओहोटी, हे तीन रकाने वाढवा. फोनवरच्या नकाशात बिंदू टाकून ठेवा. बाटली काठोकाठ भरून बूच लावा. क्लोराइड टिकाऊ आहे, दोन दिवसांनी कॉलेजात काढलं तरी चालेल. पीएच मात्र जागेवरच, तो घरी नेईपर्यंत बदलतो.

अर्ज आत्ता जाणार आणि दुसरी फेरी एप्रिलमध्ये होणार, तर रिझ्युमेत 'दुसरी फेरी: एप्रिलअखेर नियोजित' असं लिहायला हरकत नाही. झालेलं म्हणून लिहू नका.

ईमेल चार-पाच वाक्यांचा. त्या शास्त्रज्ञाचं काम कशावर आहे ते संस्थेच्या पानावर वाचून एक वाक्य, आपल्या आकड्यांतलं एक नेमकं निरीक्षण, कोणत्या तारखांना येऊ शकता, राहण्याची सोय स्वतः करणार का. सोबत एक पानाचा तक्ता. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवला तर तो कळतो.

या रिझ्युमेत जमाखर्च शेवटी, नमन एक ओळ, पूर नको.

खाडीपलीकडचा

सगळ्यांचे आभार. टेम्पो आणि लाईटवाला मीच ठरवतो, सुपारी काका घेतात. शिकवत वगैरे नाही. तक्ता ग्रामपंचायतीला दिला नव्हता, कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे आहे. कंपनीसाठी असं केलंय:

'एनएसएस (२०२४ पासून, चालू). निवासी शिबिर, ७ दिवस: १८ विहिरींचे नमुने, पीएच, टीडीएस जागेवर, क्लोराइड मोहर पद्धतीने, तक्ता महाविद्यालयाला सादर.'
'सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ, हिशेबनीस, २०२४ व २०२५: ६४ घरांची वर्गणी, पावत्या, जमाखर्च एक्सेलमध्ये, वार्षिक बैठकीत सादर.'
'नमन मंडळ, मृदंगवादक, २०१९ पासून: प्रयोगांसाठी वाहन व प्रकाशयोजनेची जुळवाजुळव. पखवाज प्रवेशिका पूर्ण, २०२३.'
'जुलै २०२१, चिपळूण: पुरानंतर गाळ काढणे, शिधा वाटप.'

दोन शंका. विहिरींचं काम आम्ही चौघांनी केलं, तर '१८ विहिरी' असं मी लिहू शकतो का? आणि प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स सोबत जोडू का?

प्लेसमेंटवाले_सर

चौघांचं काम असेल तर 'चौघांच्या गटात' हे दोन शब्द घाला आणि लगेच पुढे तुमचा वाटा: टायट्रेशन तुम्ही केलं की नमुने आणले? दुसरा कोणी त्याच कंपनीत अर्ज करणार असेल, आणि एका कॉलेजातून तसं होतंच, तर दोघांच्या रिझ्युमेत तीच ओळ 'मी केलं' म्हणून जाते आणि मग दोघंही संशयात येतात. आपसात बोलून घ्या.

झेरॉक्स जोडू नका, मागितल्यावर द्या. पण तयार ठेवा. ज्या क्रमाने रिझ्युमेत ओळी आहेत त्याच क्रमाने स्कॅन करून एकच पीडीएफ, दोन एमबीच्या आत. दहावीच्या प्रमाणपत्रावर नावाचं जे स्पेलिंग आहे तेच रिझ्युमेवर. गांधर्वच्या प्रमाणपत्रावर वेगळं असेल तर ते बाहेर काढताना आधीच सांगा, समोरच्याच्या लक्षात येईपर्यंत थांबू नका.

'प्रकाशयोजना' हा शब्द जड झाला, 'लाईट' लिहा.

लोटे_क्यूसी

मसुदा ठीक. पुराच्या ओळीत 'गावातील मंडळाबरोबर' राहिलंय, ते घाला. फाइलला 'रिझ्युमे फायनल दोन' असलं नाव नको. आडनाव, नाव, क्यूसी इंटर्न, वर्ष. आमच्याकडे अशा 'फायनल' नावाच्या फायली एका फोल्डरमध्ये पडून असतात आणि कोणाची कुठली ते उघडल्याशिवाय कळत नाही. पीडीएफच पाठवा, वर्डची फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की ओळी सरकतात आणि एका पानाचं दीड पान होतं.

आणि विहिरी चौघांच्या असल्या तरी मोहरचं टायट्रेशन एकदा पुन्हा स्वतःच्या हाताने करून जा, ब्लँकसकट. सिल्व्हर नायट्रेट महाग असतं, लॅब असिस्टंटला आधी विचारा.